नळामागचं पाणी

जुन्नर तालुक्यातल्या ओतूर आणि आसपासच्या वाड्यांवर आता बहुतेक घरांत आत नळ आहेत, पण पाण्याचं जड काम अजून घराबाहेरच होतं. भांडी मोरीवर घासली जातात, धुणं दगडावर होतं, गोठ्यातला हौद भरायचा तो बाहेरून, रानातून आलं की चिखलाचे पाय आधी अंगणात धुवायचे आणि फवारणीचं बॅरलही तिथंच भरायचं. घरातल्या सगळ्या नळांना मिळून पडत नाही एवढं काम या एका नळाला पडतं. तरी घर बांधताना त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. आतल्या न्हाणीघरासाठी आळेफाटा, नारायणगाव, वेळ पडली तर पुण्यापर्यंतची दुकानं पाहिली जातात, आणि बाहेर प्लंबरच्या पिशवीत उरलेला कुठलाही नळ बसतो. वर्षभरात तो गळायला लागतो, मग त्याला चिंधी बांधली जाते, मग आणखी एक तसलाच नळ येतो.

माझं म्हणणं असं की बाहेरचा नळ त्याच्या मागं कुठलं पाणी आहे हे पाहून निवडावा. दुकानात तो कसा दिसतो, चकाकतो किती, याला बाहेर फार महत्त्व नाही. आपल्याकडे एका अंगणात तीन वेगवेगळी पाणी असू शकतात: ग्रामपंचायतीच्या लाईनचं, गच्चीवरच्या टाकीचं, आणि बोअरचं किंवा विहिरीचं. तिघांचा दाब वेगळा, गाळ वेगळा, वेळ वेगळी. एकाला चालणारा नळ दुसऱ्याला चालेलच असं नाही.

ग्रामपंचायतीच्या पाण्यापासून सुरुवात करू. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे तिचं माप. मूळ मुदत २०२४ ची होती, ती पुढं २०२८ पर्यंत वाढवली गेली. पाच माणसांच्या घराला या हिशेबानं दिवसाला २७५ लिटर पाणी येतं. अनेक घरांना ही जोडणी म्हणजे अंगणात उभा केलेला अर्ध्या इंची पाईप आणि त्याच्या टोकाला एक नळ, एवढीच असते. पाणी चोवीस तास नसतं, ठरलेल्या वेळी येतं. त्यामुळं या नळाचं आयुष्य दोन टोकांत जातं. बराच वेळ तो कोरडा असतो. पाणी सुटलं की आधी पाईपातली हवा फुसफुसत बाहेर येते, मग गढूळ पाणी, त्याबरोबर पाईपात बसलेली माती आणि गंजाचे कण, आणि नंतर स्वच्छ धार. हे रोज होतं. कणांचा मार सोसणारा आणि दाब कमी असला तरी पुरेशी धार देणारा नळ इथं हवा.

टाकीच्या पाण्याचं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येक घरमालकानं एकदा करावं. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दाब साधारण एक किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलो, मिळतो. एकमजली घराचा स्लॅब दहा फुटांवर, त्यावर बुटक्या कट्ट्यावर टाकी, अंगणातला नळ जमिनीपासून दोन फुटांवर. पाण्याची पातळी आणि नळ यांत जेमतेम दहा-अकरा फूट, म्हणजे तीन मीटरच्या आसपास उंची मिळते. दाब झाला ०.३ किलो. पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींसाठी किंवा प्रेशर पंपासाठी बनवलेले कित्येक देखणे नळ एवढ्याशा दाबावर नुसते ओघळतात. नळात दोष नसतो, तो वेगळ्या पाण्यासाठी बनवलेला असतो.

याची पारख करायला कुठलंही यंत्र लागत नाही. जुना नळ काढून पाईपाचं तोंड मोकळं ठेवा, पंधरा लिटरची बादली खाली लावा आणि घड्याळ पाहा. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला दहा लिटर धार आहे, बाहेरच्या कामाला ती पुरेशी. तीन मिनिटं लागली तर नळ बदलून काही होणार नाही. पाईप कुठं तरी चोंदला आहे, किंवा टाकीपासून खालपर्यंत अर्ध्या इंचाचा पाईप आणला आहे तिथं पाऊण किंवा एक इंचाचा हवा होता. ही चाचणी खरेदीच्या आधी करावी. नळ बदलूनही धार वाढली नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दर वेळी कारण भिंतीतल्या पाईपात निघालं आहे.

बोअरचं पाणी याच्या अगदी उलट. आपला सगळा खडक बेसाल्टचा. त्याच्या भेगांमधून येणारं पाणी बहुधा जड असतं, क्षार घेऊन येतं, आणि मोटर सुरू झाल्याबरोबर पहिली काही मिनिटं बारीक रेतीही आणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर याच क्षारांचा. दाबाचंही वेगळंच. खोल पाणी उचलणारी पाणबुडी मोटर चालू असताना पुढचे सगळे नळ बंद केले तर पाईपातला दाब पाच-सहा किलोच्या पुढं सहज जातो. थ्री फेज वीज येईल तेव्हाच मोटर चालते, कधी रात्री, कधी पहाटे. अशा वेळी नळ बंद राहिला तर जोड सुटतो किंवा नळाचं डोकं उडतं. म्हणून बोअरच्या लाईनवर बाहेरचा नळ हा एकमेव तोंड कधीही असू नये. ती लाईन आधी हौदात किंवा टाकीत उघडी पडली पाहिजे, नळ तिच्या वाटेवर असला तर चालेल.

आता नळाच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण निवड तिथंच ठरते.

आपण लहानपणापासून पाहिलेला, गोल डोकं फिरवून उघडायचा पितळी नळ हा आटे असलेल्या दांड्याचा नळ. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यानं १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्याची मूळ कल्पना अजून बदललेली नाही. डोकं फिरवलं की दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर आतल्या बैठकीवर दाबून बसतो. गळायला लागला तर बहुतेक वेळा दोष वायसरचा. तो काही रुपयांत मिळतो आणि पान्हा असलेला कुणीही दहा मिनिटांत बदलतो. गाळ वायसरखाली अडकला तर नळ पूर्ण उघडून जोराची धार सोडली की तो निघून जातो. दोष एवढाच की उघडायला तीन-चार वेढे लागतात, आणि लोक गळती थांबवायला तो गरजेपेक्षा जास्त आवळतात. आवळून वायसर कापला जातो, मग आणखी आवळावं लागतं, आणि शेवटी बैठकच झिजते.

दुसरा प्रकार चिनीमातीच्या चकत्यांचा. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, मधली भोकं जुळली की पाणी येतं. पाव फेऱ्यात उघडतो, बोटानं चालतो आणि स्वच्छ पाण्यावर वर्षानुवर्षं गळत नाही. घराच्या आत हा उत्तम. बाहेर मात्र, विशेषतः बोअरच्या रेतीवर, मी तो बसवू देणार नाही. रेतीचा एक टोकदार कण दोन चकत्यांच्या मध्ये सापडला की चरा पडतो, आणि चरा पडलेली चकती दुरुस्त होत नाही. आतला संच पूर्ण बदलावा लागतो. तो त्याच कंपनीचा, त्याच मापाचा लागतो आणि गावातल्या दुकानात असेलच असं नाही.

तिसरा नळ आतून भोक पाडलेल्या गोळीचा, म्हणजे छोटा बॉल व्हॉल्व्ह आणि त्याला पुढं तोटी. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटशी त्याचा संबंध नाही. दांडी पाईपाच्या रेषेत आली की उघडा, आडवी झाली की बंद, त्यामुळं लांबूनही कळतं. गोळीचं भोक मोठं असतं आणि पाण्याला आत वळसे घ्यावे लागत नाहीत, म्हणून कमी दाबावर हाच सर्वांत जास्त धार देतो. टाकीच्या आणि ग्रामपंचायतीच्या पाण्यासाठी माझी पहिली पसंती यालाच आहे. एक काळजी घ्यावी: तो अर्धवट उघडा ठेवून वापरू नये, कारण त्या फटीतून जाणारं गाळाचं पाणी गोळीभोवतीची टेफलॉनची कडी खात राहतं. मोटरच्या थेट लाईनवर तो फटकन बंद करणंही वाईट. वेगानं येणारं पाणी एकदम थांबलं की त्याचा धक्का मागं सगळ्या जोडांना बसतो, पाईप भिंतीत दणकतो. तिथं जुना आट्याचा नळच बरा, तो हळूहळू बंद होतो.

चौथा, दाबला की पाणी येतं आणि सोडला की थांबतं असा पुश कॉक. घरच्या मोरीवर त्याचा उपयोग नाही, एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं भांडं कसं घासणार? पण रस्त्याकडेच्या नळासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. वाटसरूसाठी वाटेवर पाणी ठेवणं जुन्नरला फार जुनं आहे. नाणेघाट चढून येणाऱ्या तांड्यांसाठी सातवाहनांच्या काळात खडकात खोदलेली टाकी आजही पाणी धरतात, शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. ओतुरात श्रावणी सोमवारी मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वराची यात्रा भरते, तांदळाच्या पिंडी पाहायला लांबून माणसं येतात, आणि रस्त्यालगतच्या घराचा नळ त्या दिवशी गावाचा होतो. कुंपणाबाहेर असा नळ ठेवणाऱ्यानं तो आपोआप बंद होणारा ठेवावा, म्हणजे पाणीही मिळेल आणि टाकीही रिकामी होणार नाही.

धातूकडे वळू. चांगला नळ पितळेचा, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास तांबं आणि उरलेलं बहुतेक जस्त. पितळी भागांसाठी जामनगर आणि नळ-व्हॉल्व्हसाठी जालंधर ही आपल्या देशातली मोठी केंद्रं. पितळी आट्याच्या नळाला आयएस ७८१ हे भारतीय मानक आहे, प्लास्टिकच्या नळाला आयएस ९७६३. पेटीवर आयएसआय खुणेच्या वर हा क्रमांक आहे का ते पाहावं. दुकानात आणखी दोन गोष्टी हातानं कळतात. पहिली वजन: एकाच मापाचे दोन नळ दोन हातांत घ्या, हलका असेल त्याची भिंत पातळ किंवा धातू हलका. दुसरी चुंबक: पितळेला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आहे. जस्ताच्या हलक्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेले नळ मात्र चुंबकानं ओळखू येत नाहीत, तिथं वजनावरच भिस्त. असला नळ बाहेर दोन पावसाळ्यांत आट्याशी तुटतो आणि तुटलेला भाग पाईपात अडकून बसतो. क्रोमच्या चकाकीला बाहेर पैसे देऊ नयेत. उन्हात, साबणात आणि क्षारांत ती टिकत नाही, साधं पितळ मात्र काळवंडूनही काम करत राहतं.

प्लास्टिकच्या नळाला कमी लेखणं चुकीचं आहे. पीटीएमटी या टणक प्लास्टिकचा नळ गंजत नाही, क्षार त्याला कमी चिकटतात, आणि मोडीत त्याला भाव नसल्यानं तो चोरीला जात नाही. शेतातल्या घरापाशी, विहिरीजवळ, रात्री कुणी नसतं अशा ठिकाणी तोच लावावा. त्याचा शत्रू ऊन आणि अतिउत्साही पान्हा. पश्चिमेच्या भिंतीवर तो काही उन्हाळ्यांत ठिसूळ होतो. स्टेनलेस स्टीलचा नळ घ्यायचा असेल तर ३०४ क्रमांकाचा घ्या. २०२ क्रमांकाच्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी असतं आणि बोअरच्या खारट पाण्यावर त्याला डाग पडू लागतात.

पितळ घडवायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळण्याची जुनी पद्धत आहे. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळात पाण्याला लागणाऱ्या भागांत शिसं सरासरी पाव टक्क्यापेक्षा जास्त असू नये असा कायदा लागू आहे. ज्यांच्या घरात पिण्याचा हंडा बाहेरच्याच नळावर भरतात त्यांनी रात्रभर पाईपात आणि नळात थांबलेलं पहिलं पाणी तुळशीला, झाडांना घालावं आणि मग हंडा लावावा. ग्रामपंचायतीच्या पाण्यात पहिला गाळही तसाच निघून जातो.

आटे आणि माप यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे घरचा नळ अर्ध्या इंची म्हणजे १५ मिलिमीटरचा, गोठ्याला आणि बागेला पाऊण इंची घेतला तर काम लवकर होतं. होज लावायचा असेल तर पुढं खाचा असलेलं नोझल असलेला नळ मागावा आणि क्लिप पक्की आवळावी. परदेशातून येणारे नातेवाईक कधी कधी तिकडचा होज, तिकडची फवारणीची तोटी घेऊन येतात आणि ती इथं बसत नाही. अमेरिकन होजच्या पाऊण इंची आट्यात इंचाला साडेअकरा फेरे असतात, आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यात चौदा. जबरदस्तीनं बसवली तर दोन्हीकडचे आटे जातात.

पाईप प्लास्टिकचा असेल तर नळ जिथं बसतो तिथं आत पितळी आटे बसवलेला एल्बोच वापरायला सांगा, आणि तो एल्बो भिंतीला पट्टीनं घट्ट धरलेला हवा. होज ओढला जातो, म्हैस अंग घासते, पोरं नळावर पाय देऊन चढतात. हा सगळा भार नळानं नव्हे, भिंतीनं घ्यायचा असतो. गोठ्याजवळचा नळ तर भिंतीतल्या कोनाड्यात आत बसवावा. उघड्यावर जाणाऱ्या पांढऱ्या पाईपाला रंग द्यावा, उन्हानं तो पिवळा पडून तडकतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. नळ किती टिकेल, धार किती देईल, हे प्रश्न आपल्या घरापुरते आहेत. बाहेरच्या नळाचा एक प्रश्न मात्र आळीतल्या सगळ्या घरांचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे जवळपास कुणी बोलत नाही. तो म्हणजे नळातून उलटं जाणारं पाणी.

कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्ष यांचा हा पट्टा. फवारणी हे रोजचं काम. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये औषध ओतलेलं आहे, अंगणातल्या नळाला होज लावला आहे, होजचं टोक बॅरलच्या तळाशी सोडलं आहे म्हणजे पाणी उडत नाही, फेस होत नाही. बॅरल भरत आलं आणि ग्रामपंचायतीचं पाणी बंद झालं. नळ उघडाच राहिला. वरच्या आळीची लाईन रिकामी होताना पाणी उताराकडे धावतं, मागं पाईपात पोकळी तयार होते, आणि बाहेरची हवा बॅरलमधलं पाणी होजमधून वर ढकलते. हवेचा दाब पाण्याचा स्तंभ दहा मीटरच्या आसपास उचलू शकतो, इथं तर दोन-तीन फुटांचाच प्रश्न असतो. औषधाचं पाणी नळातून मागं सार्वजनिक लाईनमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की ते कुणाच्या हंड्यात पडेल हे सांगता येत नाही. जिथं पाणी चोवीस तास दाबानं असतं तिथं ही पोकळी क्वचित होते, पाईप फुटला किंवा अग्निशमन दलानं मोठा उपसा केला तरच. आपल्याकडे पाणी रोज बंद होतं, म्हणून पोकळी रोज तयार होते.

यात भर पडते नळाला थेट मोटर लावण्याच्या सवयीची. मोटर आपल्या घराला पाणी ओढते तेव्हा ती लाईनमध्ये पोकळी करते. मग शेजारच्या अंगणात बादलीत बुडालेला होज, गटाराशेजारून गेलेल्या पाईपाचा सैल जोड, सगळीकडून मिळेल ते आत खेचलं जातं. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की आपण टाकी धुतली का, क्लोरीन टाकलं का, एवढंच विचारतो. नळाला लागलेल्या मोटरांची मोजणी कुणी करत नाही, ती करायला हवी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ च्या नळजोडणी नियमांनुसार घराबाहेरच्या, होज लावता येणाऱ्या नळाला दुहेरी उलटबंद झडप सक्तीची आहे. अमेरिकेत बांधकामाच्या नियमांनी अशा नळावर हवा आत घेणारी छोटी टोपी लागते, पोकळी झाली की ती आधी हवा ओढते आणि होजचं पाणी मागं जात नाही. आपल्याकडे ती सवय अजून लागलेली नाही. पण सर्वांत खात्रीचा उपाय फुकट आहे: होजचं टोक पाण्यात बुडू द्यायचं नाही. ते बॅरलच्या काठाच्या वर बांधून ठेवायचं, मधे हवेची मोकळी जागा सोडायची. नियमात ही जागा तोटीच्या व्यासाच्या दुप्पट, किमान एक इंच सांगतात. आपण चार बोटं सोडावी. बॅरलच्या काठाला तारेचा एक आकडा करून होज त्यात अडकवला की काम झालं. जनावरांच्या हौदालाही हाच नियम. नळाची तोटी हौदाच्या काठाच्या वर हवी, पाण्याच्या आत नाही.

ज्यांना खर्च करता येईल त्यांनी ग्रामपंचायतीच्या जोडणीवर, अंगणातल्या नळाच्या मागं, उलटबंद झडप म्हणजे एनआरव्ही बसवावी. स्प्रिंगची झडप उघडायला थोडा दाब खाते, म्हणून टाकीच्या मंद पाण्यावर ती धार कमी करते, तिथं हलक्या पाकळीची चालते. आणि शक्य असेल तर फवारणीसाठी ग्रामपंचायतीचा नळ वापरूच नये, विहिरीच्या पाण्याचा वेगळा नळ ठेवावा. हे करताना आणखी एक चूक होते. बोअरचं पाणी आणि ग्रामपंचायतीचं पाणी एकाच पाईपात आणून मधे दोन कॉक ठेवतात, एक बंद करून दुसरं वापरायचं म्हणून. एखाद्या दिवशी दोन्ही उघडे राहतात आणि बोअरची मोटर आपल्या दाबानं बोअरचं पाणी गावाच्या लाईनमध्ये ढकलते. दोन पाणी एकत्र आणायची असतील तर दोघांनी टाकीत वरून, उघडं पडावं. पाईपात त्यांची गाठ पडू नये.

जागा कुठली, हेही ठरवून करावं. जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न सोयीपुरता राहिलेला नाही. ऊस दारापर्यंत आला आहे आणि उसात बिबट्या आहे. माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र आणि वनविभागाच्या गावोगावच्या सूचना याच अनुभवातून आल्या आहेत. अंधारात वाकलेलं किंवा खाली बसलेलं माणूस, लहान मूल, यांना धोका जास्त. आणि बाहेरच्या नळावरचं काम वाकूनच, बहुधा संध्याकाळी, बहुधा बाईमाणसाच्या वाट्याला येतं. म्हणून नळ घराच्या भिंतीला लागून, दाराच्या नजरेत ठेवावा. परसदारी उसाच्या बाजूला नको. त्यावर दिवा असावा आणि दिव्याचं बटण घरात. उंचीही अशी की उभ्यानं काम व्हावं: अडीच-तीन फुटांचा ओटा बांधून त्यावर भांडी घासता आली तर पाठही वाचते आणि माणूस खाली बसत नाही. बादलीसाठी त्याच पाईपावर दीड फुटावर दुसरा नळ घेता येतो. हे सगळं ठरवताना त्या नळावर रोज कोण काम करणार तिला विचारा. साबणाच्या हातानं गोल डोकं फिरत नाही, संधिवात असलेल्या आजीला तर नाहीच. तिला लांब दांडीचा नळ लागेल, हे घरमालकाला दुकानात सुचत नाही.

नळाखालचं पाणी कुठं जाणार, ते नळाबरोबरच ठरवा. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर आळू आणि केळ असायची, ती रीत अजूनही चांगली आहे. जागा नसेल तर शोषखड्डा घ्यावा. डबकं साचलं की डास होतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यावरच वाढतो, म्हणून नळाखालचं भांडं आणि हौद आठवड्यातून एकदा कोरडा करावा.

इंटरनेटवर बाहेरचा नळ शोधला तर पहिल्यांदा थंडीत न फुटणारे नळ दिसतात. शिकागोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते लागतातच. तिथं नळाचा दांडा फूटभर लांब असतो, पाणी बंद होतं ते उबदार भिंतीच्या आत, आणि हिवाळ्याआधी होज काढून ठेवावा लागतो, नाही तर अडकलेलं पाणी गोठून पाईप फोडतं. ओतुरात थंडी कडाक्याची पडली तरी पाईपातलं पाणी गोठत नाही, त्या नळावर पैसे घालवू नयेत. आपल्याला सांभाळायचं आहे ते चैत्र-वैशाखाच्या उन्हापासून. उन्हात पडलेल्या काळ्या होजमधलं पहिलं पाणी लहान मुलाचा हात पोळण्याइतकं तापतं, आणि तसाच तापून होज वर्षात तडकतो. तो गुंडाळून सावलीत टांगावा.

देखभाल फारशी नाही, पण जी आहे ती करावी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात ८६,४०० थेंब सोडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून जास्त, आणि नळाचा थेंब याहून मोठाच असतो. माणशी ५५ लिटरांच्या हिशेबात हे लहान नाही. दांड्यापाशी गळत असेल तर वायसर बदलू नका, दांड्याभोवतीची नट थोडी आवळा, गरज पडली तर आतला दोरा बदला. तोटीतून गळत असेल तर वायसर. क्षारांचा थर बसला तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, हातोडीनं ठोकू नका.

आणि बाहेरच्या प्रत्येक नळामागं स्वतंत्र कॉक ठेवा. तो नसेल तर एक वायसर बदलण्यासाठी अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागतं, म्हणून ते काम पुढं ढकललं जातं आणि नळ महिनोन्महिने गळतो. हा कॉक दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडबंद करावा, क्षारांच्या पाण्यावर न फिरवलेला कॉक जागेवर जाम होतो. अर्ध्या इंची चार वायसर, टेफलॉनची एक गुंडाळी आणि एक पान्हा मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवला तर नळ गळू लागला त्याच संध्याकाळी दुरुस्त होतो.